वीस सेकंदाला एक अक्षर: स्कॉट मॅकलर यांच्या घरातल्या ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेसची केस

या केसमधला पेशंट स्वतःच मेंदूचा अभ्यास करणारा माणूस होता, त्यामुळे मी ही केस पहिल्यांदा वाचली तेव्हा पेशंट कोण आणि संशोधक कोण हे मला दोनदा तपासून बघावं लागलं. स्कॉट मॅकलर. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियामधले न्यूरोसायंटिस्ट. विषय कोकेनचं व्यसन, म्हणजे वारंवार कोकेन घेतल्यावर मेंदूच्या पेशींमध्ये नेमकं काय बदलतं तो. १९९७ साली त्यांच्या गटाने दाखवलं होतं की कोकेनची सवय लागलेल्या उंदरांना कोकेन बंद करून तीन आठवडे झाले तरी मेंदूच्या न्यूक्लियस अक्युम्बेन्स नावाच्या भागात एनएसी-१ नावाचा एक आरएनए वाढलेलाच राहतो. म्हणजे व्यसन सुटल्यासारखं दिसतं पण आत पेशी ते धरून बसलेल्या असतात. मॅकलर मॅरेथॉन धावायचे. १९९९ मध्ये, चाळिशीत, त्यांना एएलएस झाल्याचं निदान झालं.

आपल्याकडे डॉक्टर याच कुटुंबातल्या आजारांना बहुतेक वेळा एमएनडी म्हणतात, मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, आधी हात किंवा पाय किंवा जीभ, मग गिळणं, मग श्वास, पण बहुतेक लोकांची बुद्धी शाबूत राहते, स्पर्श कळतो, डास चावलेला कळतो, तो फक्त मारता येत नाही. सगळ्यात शेवटपर्यंत साथ देतात ते डोळे. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, माझ्या मामांना हाच आजार होता, सांगलीला, आणि शेवटची दोन वर्षं मी दर पंधरा दिवसांनी पुण्याहून जायचो. म्हणून मॅकलर यांची केस मी नुसती वाचली नाही, तिच्याशी आमचं घर ताडून बघत बसलो, आणि ते खाली मध्ये मध्ये येणार आहे.

तर मॅकलर यांची परिस्थिती अशी झाली की नेहमीची सहाय्यक साधनं एकेक करून निकामी ठरली. ही साधनं कशी चालतात तर शरीराचा जो एखादा स्नायू अजून हलतोय त्याला एक स्विच लावायचा, स्टीफन हॉकिंग गालाच्या स्नायूने करायचे तसं, किंवा कॅमेऱ्याने नजर टिपून स्क्रीनवर कर्सर हलवायचा. स्नायू गेला की स्विच गेला, आणि नजर नीट स्थिर राहीना झाली की आय-ट्रॅकरही गेला. मॅकलर यांच्याकडे शेवटी डोळ्यांच्या हालचालीने हो आणि नाही सांगणं एवढंच उरलं. विचार करा, एक माणूस ज्याच्या डोक्यात प्रयोगांचे आराखडे आहेत, ज्याच्या लॅबमध्ये लोक आहेत, ज्याला सरकारी ग्रँट मिळालेली आहे, आणि त्याला विचारता येतं फक्त तेच जे समोरच्याला विचारायचं सुचेल. हो-नाहीवाल्या माणसाचं सगळ्यात मोठं दुःख हेच, प्रश्न कायम दुसऱ्याचा असतो.

इथे ऑल्बनीची मंडळी येतात. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाची वॉड्सवर्थ सेंटर नावाची संस्था आहे ऑल्बनी शहरात, तिथे जोनाथन वोल्पॉ यांचा गट, सोबत थेरेसा वॉन, एरिक सेलर्स वगैरे. ही लॅब १९९० च्या आसपासपासून डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी मेंदूतली वीज टिपून, म्हणजे ईईजीवरून, कर्सर हलवायचं काम करत होती, यालाच ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस किंवा बीसीआय म्हणतात. २००४ मध्ये वोल्पॉ आणि मॅकफारलंड यांनी दाखवलं की कवटी न उघडता नुसत्या ईईजीवर माणूस स्क्रीनवरचा कर्सर वर-खाली आणि डावी-उजवीकडे दोन्ही दिशांना नेऊ शकतो, आणि त्याची भरपूर चर्चा झाली. पण त्याला प्रॅक्टिस खूप लागायची, कित्येक सेशन. घरी पलंगावर असलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या माणसासाठी त्यांनी ते निवडलं नाही. त्यांनी निवडलं १९८८ चं जुनं तंत्र, फारवेल आणि डॉन्चिन यांचा पी३०० स्पेलर. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, कारण स्वतःचा गाजलेला शोध बाजूला ठेवून दुसऱ्याचं वीस वर्षं जुनं पण भरवशाचं तंत्र पेशंटच्या घरात न्यायचं, हे सगळ्यांना जमत नाही.

पी३०० म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तुम्ही गर्दीत उभे आहात, आजूबाजूला शंभर आवाज चाललेत, आणि कोणीतरी अचानक तुमचं नाव घेतलं. तुम्ही वळून बघायच्या आधीच मेंदूत एक ठसका उमटलेला असतो, घटनेनंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी, आणि तो विद्युत दाबाच्या धन बाजूचा असतो म्हणून पी. ज्याची आपण वाट बघतोय आणि जे क्वचित घडतं, त्याला मेंदू अशी दाद देतो. १९६५ मध्ये हे पहिल्यांदा नोंदलं गेलं. डॉन्चिन यांची युक्ती अशी की स्क्रीनवर अक्षरांचा एक चौकोनी तक्ता ठेवायचा, त्याच्या आडव्या ओळी आणि उभे रकाने कुठल्याही क्रमाने लुकलुकवायचे, आणि माणसाला सांगायचं की तुला हवं ते अक्षर बघत राहा आणि ते किती वेळा उजळतं ते मनात मोज. बस. बाकीच्या ओळी उजळल्या तर मेंदू ढिम्म, हवी ती ओळ उजळली की ठसका, हवा तो रकाना उजळला की ठसका, आणि जिथे दोन्ही एकमेकांना छेदतात ते अक्षर.

हे वाचताना मला एकदम मामी दिसल्या. कारण आमच्याकडे मशीन नव्हतं, मामी होत्या. मामांचं बोलणं गेल्यावर त्यांनी बाराखडीच्या तक्त्यावरून नाही तर वर्गांवरून सुरुवात केली, मोठ्याने म्हणायच्या, क चा वर्ग? च चा? ट चा? त चा? आणि मामा पापणी मिटायचे. मग त्या वर्गातलं एकेक, त, थ, द, ध, पुन्हा पापणी. आपल्या वर्णमालेतला क ते म हा भाग मुळातच पाच ओळी पाच रकान्यांचा तक्ता आहे, शाळेत आपण तो पाठ करतो पण त्याचा असा उपयोग कोणी शिकवत नाही, मामींनी तो गरजेतून स्वतः शोधला. ऑल्बनीच्या मशीनने डोक्याच्या आतून जे करायचं तेच मामी बाहेरून करत होत्या. फरक एकच, मामांना पापणी मिटता येत होती तोवरच ते चाललं.

आता अडचण अशी की हा ठसका फार बारीक असतो. पी३०० काही मायक्रोव्होल्टचा आणि मेंदूची नेहमीची खळबळ त्याच्या कितीतरी पट, शिवाय पापणी लवली, जबडा आवळला, व्हेंटिलेटरची नळी हलली, सगळं त्यात मिसळतं. एकदा उजळून काहीच कळत नाही. म्हणून एकेका अक्षरासाठी सगळ्या ओळी-रकाने पुन्हा पुन्हा लुकलुकवायचे आणि सगळ्या वेळची सरासरी काढायची, सरासरीत खळबळ एकमेकीला खोडते आणि ठसका वर येतो. जितकी जास्त आवर्तनं तितकी खात्री जास्त पण वेळही तितका जास्त. मॅकलर यांच्या बाबतीत एका अक्षराला साधारण वीस सेकंद लागायचे. त्यांच्या तक्त्यात ७२ चौकोन होते, अक्षरं आकडे आणि कीबोर्डच्या कमांड धरून. म्हणजे डोळे झाकून दगड मारला तर बरोबर लागायची शक्यता १.४ टक्के.

या सिस्टीमचं घरातलं रूप बघण्यासारखं आहे. एक लॅपटॉप, एक सिग्नल मोठा करणारी डबी, एक स्क्रीन, आणि एक कापडी टोपी. लॅबमध्ये ६४ इलेक्ट्रोडवाल्या टोप्या असतात, वॉड्सवर्थने घरासाठी ८ वर काम भागवलं, काही डोक्याच्या मधोमध, काही मागच्या वरच्या बाजूला आणि काही अगदी मागे, जिथे दिसण्याचं काम चालतं. ६४ ठिकाणी जेल भरायचं म्हणजे तास मोडणार, आणि तो तास कोणाचा तर आधीच दिवसभर सक्शन, फीड, कुशी बदलणं यात अडकलेल्या माणसाचा. टोपी घालायची, ती बरोबर मध्यावर आली का बघायचं, प्रत्येक इलेक्ट्रोडच्या भोकातून बोथट सुईच्या सिरिंजने थोडं जेल सोडायचं, सुईच्या टोकाने केस बाजूला करून कातडीला लागेल असं, जास्त झालं तर शेजारच्या इलेक्ट्रोडपर्यंत ओघळून दोन्ही एकच होऊन बसतात, कमी झालं तर सिग्नल नुसता थरथरतो. मग स्क्रीनवर बघायचं, सगळ्या रेषा नीट आल्या की सुरू. आणि संपल्यावर केसातलं जेल पुसून काढायचं, नाहीतर ते सुकून खडे होतात. मॅकलर यांच्या केसमध्ये हे सगळं घरी काळजी घेणाऱ्यांना शिकवलं गेलं, शास्त्रज्ञ रोज येणार नव्हते. मला वाटतं या केसचा अर्धा शोध हा या सिरिंजमध्ये आहे.

दुसरा अर्धा कॅलिब्रेशनमध्ये. प्रत्येकाचा ठसका वेगळा, कोणाचा लवकर कोणाचा उशिरा, कोणाचा मागे जास्त कोणाचा मध्ये. म्हणून आधी माणसाला ठरवून दिलेली अक्षरं बघायला लावतात, कॉम्प्युटरला उत्तर माहीत असतं, त्यावरून तो शिकतो की या माणसाच्या डोक्यात कुठल्या इलेक्ट्रोडवर कुठल्या क्षणाला किती वजन द्यायचं. ही वजनं कालांतराने पुन्हा काढावी लागतात. ऑल्बनी ते फिलाडेल्फिया अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त, दर वेळी गाडी काढून जाणं शक्य नाही, तर त्यांनी ते इंटरनेटवरून केलं, घरी नोंदलेला सिग्नल लॅबमध्ये जायचा, तिथे नवीन वजनं निघायची आणि परत मॅकलर यांच्या मशीनवर. आज हे ऐकून कोणाला काही वाटणार नाही पण हे चाललं होतं २००० नंतरच्या पहिल्या दशकात.

इथे मला आमचा अनुभव सांगावाच लागेल. मामांसाठी आम्ही एक आय-ट्रॅकर घेतला होता, कंपनीचं नाव सांगत नाही, सगळ्या घराने पैसे काढून घेतला. त्यांच्या ऑफिसमधला डेमो फार छान झाला, मामांनी चार मिनिटांत स्वतःचं नाव लिहिलं, मामी रडल्या. घरी आणल्यावर पलंग पूर्वेच्या खिडकीला, सकाळी ऊन थेट डोळ्यावर, कॅमेऱ्याला डोळा सापडेना. पडदा लावला तर थोडं चाललं, मग मामांची उजवी पापणी उतरायला लागली आणि पुन्हा बंद. कंपनीचा माणूस दोनदा आला, चांगला मुलगा होता, सेटिंग करून गेला, तिसऱ्यांदा फोन केला तर म्हणे सपोर्टची मुदत संपली. तो ट्रॅकर शेवटचे आठ महिने कपाटावर होता. मशीन वाईट नव्हतं. महिन्या-महिन्याला बदलणाऱ्या माणसाच्या मागोमाग ते बदलत राहावं अशी व्यवस्था कोणी केलेली नव्हती, एवढंच.

मॅकलर यांच्या केसमध्ये नेमकी तीच व्यवस्था होती, आणि आकडे ते दाखवतात. २०१० मध्ये सेलर्स, वॉन आणि वोल्पॉ यांनी पेपर लिहिला, त्यात पेशंटचं नाव नाही, ५१ वर्षांचा एएलएस झालेला पुरुष एवढंच आहे, पण मॅकलर त्याआधी २००८ मध्येच स्वतःहून टीव्हीवर आले होते, सिक्स्टी मिनिट्स या कार्यक्रमात, तेव्हा ते गुपित नव्हतं. अडीच वर्षांहून जास्त काळ ठरावीक अंतराने अचूकता मोजली गेली आणि ती ८३ टक्क्यांवर टिकली. आजार पुढे जात होता आणि ही संख्या खाली आली नाही. माझ्या दृष्टीने ८३ या आकड्यापेक्षा अडीच वर्षं हा आकडा मोठा आहे. लॅबमध्ये एका दुपारी ९५ टक्के दाखवणारे पेपर ढिगाने मिळतील.

पण ८३ म्हणजे प्रत्यक्षात काय हे मी कागदावर मांडून बघितलं. दर सहा अक्षरांमागे एक चुकणार. चुकलं की खोडायचं, आणि खोडायचं म्हणजे पुन्हा तक्त्यातला बॅकस्पेसचा चौकोन निवडायचा, तोही ८३ टक्केच बरोबर येणार. हिशोब केला तर एक बरोबर अक्षर पदरात पडायला सरासरी दीड निवड लागते, म्हणजे वीस सेकंदांचे तीस होतात. मिनिटाला दोन अक्षरं. मामांची सगळ्यात जास्त वेळा यायची ती मागणी घ्या, 'कुशीवर वळव'. क, उकार, श, वेलांटी, व, र, मोकळी जागा, व, ळ, व. दहा निवडी. पाच मिनिटं. शब्द सुचवणारं सॉफ्टवेअर जोडलं तर यातलं बरंच वाचतं हे खरं, तरीपण पाठ दुखत असलेल्या माणसाला हा वेळ किती वाटेल ते मी बघितलेलं आहे.

मग मॅकलर हे रोज का वापरत होते? मला वाटतं कारण त्यांना कुशीवर वळायचं सांगायला हे लागत नव्हतं, ते डोळ्यांच्या हो-नाहीने भागत होतं. त्यांना ईमेल लिहायचे होते. ईमेलला घाई नसते, दोन तासांनी पाठवला तरी तो ईमेलच असतो, वाचणाऱ्याला कळतसुद्धा नाही की एकेक अक्षराला अर्धा मिनिट लागलाय. ते लॅबमधल्या सहकाऱ्यांना सूचना लिहायचे, घरच्यांना, मित्रांना लिहायचे, आणि पेपरमध्ये स्पष्ट म्हटलंय की एनआयएच म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशावर चालणारी त्यांची संशोधन लॅब ते याच सिस्टीमवरून चालवत होते. स्वतः मॅकलर यांनी लिहिलं होतं की मी न्यूरोसायंटिस्ट आहे आणि बीसीआयशिवाय मला काम करता आलं नसतं, आणि हे मी माझ्या ईईजीने लिहितोय. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काम होतं आणि त्या उत्तराची वाट बघणारी माणसं होती, आणि यंत्राचा वेग त्या कामाला पुरेसा होता. सहाय्यक साधन निवडताना आपण आधी विचारतो किती वेगवान आहे, मला आता वाटतं आधी विचारावं की या माणसाला कोणाला काय लिहायचंय.

मर्यादा लपवून चालणार नाही. पी३०० स्पेलर विचार वाचत नाही, आणि तो डोळ्यांपासून पूर्ण मोकळाही नाही. २०१० मध्येच वॉड्सवर्थच्याच लोकांनी तपासलं की नजर अक्षरावर न ठेवता, मध्यावर ठेवून, नुसतं लक्ष अक्षराकडे दिलं तर काय होतं, तर अचूकता चांगलीच पडते. म्हणजे आय-ट्रॅकरला लागते तेवढी नेमकी स्थिर नजर नको पण ढोबळ नजर तरी हवी. ज्यांचे डोळेही पूर्ण थांबले त्यांच्यासाठी हा रस्ता बंदच आहे, आणि त्या अवस्थेतल्या लोकांकडून हो-नाही मिळवल्याचा २०१७ सालचा एक गाजलेला पेपर २०१९ मध्ये जर्नलने मागे घेतला. स्वतःच्या तंत्राची उणीव स्वतःच मोजून छापणारी लॅब मला जास्त विश्वासाची वाटते.

तक्त्यातही दोष होता. ओळ-रकाना पद्धतीत बहुतेक चुका हव्या त्या अक्षराच्या शेजारच्या ओळीत किंवा रकान्यात पडतात, कारण शेजारची ओळ उजळली की नजर दचकते आणि मेंदू त्यालाही थोडी दाद देतो. शिवाय हवी ती ओळ आणि लगेच हवा तो रकाना असे पाठोपाठ उजळले तर दोन ठसके एकमेकांवर चढतात. त्यावर त्याच गटाने बुद्धिबळाच्या पटासारखी पद्धत काढली, शेजारी-शेजारी अक्षरं कधीच एकत्र उजळत नाहीत आणि एकच अक्षर लागोपाठ दोनदा उजळत नाही. २०१० च्या चाचणीत, ७२ चौकोनांच्याच तक्त्यावर, जुन्या पद्धतीला ७७ टक्के आणि नव्या पद्धतीला ९२ टक्के अचूकता मिळाली. इलेक्ट्रोड तेच, फक्त लुकलुकायचा क्रम बदलला. वरचाच हिशोब ९२ ला लावला तर एका अक्षरामागे दीडच्या ऐवजी साधारण १.२ निवडी लागतात.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही असं कोणी म्हणेल, आणि बरोबर आहे, मॅकलर हे हुशार, चिकाटीचे, पाठीशी घरदार असलेले पेशंट होते. २०१८ मध्ये वोल्पॉ यांच्या गटाने एएलएस झालेल्या माजी सैनिकांवरचा मोठा अभ्यास छापला. ४२ जण सुरुवातीला. त्यातले ९ जण सिस्टीम वापरूच शकले नाहीत. २७ जणांच्या घरी ती बसवली. मग आजारानेच डाव साधला, १२ जण मृत्यू किंवा झपाट्याने खालावलेली प्रकृती यामुळे बाहेर पडले, ६ जणांची इच्छा कमी झाली, आणि १४ जणांनी प्रशिक्षण पूर्ण करून ती स्वतंत्रपणे वापरली, त्यातले काही नंतर बाहेर पडलेल्यांतलेही आहेत. तांत्रिक बिघाड क्वचितच आले. ज्यांनी अभ्यास शेवटपर्यंत पूर्ण केला त्यातल्या एकाला सोडून सगळ्यांनी मशीन पुढेही ठेवून घेतलं. मी हा शेवटचा आकडा वाचला आणि कपाटावरचा आमचा ट्रॅकर आठवला.

मॅकलर २०१३ मध्ये गेले. निदानानंतर साधारण चौदा वर्षं.

आता कोणी म्हणेल की हे सगळं जुनं झालं. हो, २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिसच्या गटाने एएलएस झालेल्या माणसाच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवून तो बोलायचा प्रयत्न करताना मेंदूत जे उमटतं ते शब्दांत उतरवलं, सव्वा लाख शब्दांच्या साठ्यातून ९७ टक्क्यांपर्यंत अचूक, आणि वर त्याच्या आजाराआधीच्या आवाजात ऐकवलं. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला माहीत नाही. पण त्याला कवटी उघडावी लागते, न्यूरोसर्जन लागतो, आणि सांगलीच्या घरात ते उद्या येणार नाही. टोपी आणि जेल येऊ शकतं.

येण्यासाठी तक्ता मराठीत हवा. नागपूरच्या पलीकडे रायपूरला एनआयटीमध्ये क्षीरसागर आणि लोंढे यांनी देवनागरीच्या पी३०० स्पेलरवर काम केलंय, डीप लर्निंग वापरून, २०१९ च्या सुमाराचे त्यांचे पेपर आहेत, म्हणजे हे कोणी आपल्या लिपीत केलेलंच नाही असं नाही. मी स्वतः एम्बेडेड सॉफ्टवेअरमधला आहे, ईईजीमधला नाही, पण ७२ चौकोनात मराठी बसते का हे बघायला पेन्सिल पुरते. ळ धरून ३४ व्यंजनं. अ ते औ ऋ धरून ११ स्वर. त्यांची काना-मात्रा-वेलांटीची १० चिन्हं. अनुस्वार, विसर्ग, हलन्त. झाले ५८. दहा आकडे, ६८. उरले चार, मोकळी जागा, खोडणं, पूर्णविराम, पाठव. बरोबर ७२, पण एकही चौकोन शिल्लक नाही, ॲ आणि ऑ बाहेर राहिले म्हणजे 'डॉक्टर' लिहिता येत नाही, शब्द सुचवायला जागा नाही. 'श्वास' ला पाच निवडी लागतात कारण श, हलन्त, व, काना, स. विसर्ग काढता येईल. स्वर वेगळे न ठेवता मात्रेवरच भागवता येईल, शब्दाच्या सुरुवातीला आला तर सॉफ्टवेअर समजून घेईल की हा स्वर आहे, त्याने दहा चौकोन मोकळे होतात. आकडे दुसऱ्या पानावर टाकता येतील, त्याने आणखी दहा. मग वीस चौकोनांत अख्खे शब्द बसतात.

कुठले शब्द, हे मला ठरवता येईना म्हणून मी मागच्या महिन्यात मामींना फोन केला. मला वाटलं होतं त्या पाणी, पंखा, दुखतंय असं सांगतील. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा 'थांब' टाक. आम्ही सगळे त्यांचं वाक्य आधीच पुरं करायचो रे, त ला पापणी मिटली की तूप, ताट, तांब्या, आणि ते दमून डोळे मिटून घ्यायचे. आम्हाला वाटायचं झोप आली. मग 'तसं नाही' टाक. मग 'पुन्हा विचार'." मी लिहून घेत होतो. म्हणाल्या, "पाणी मला कळायचं रे, पाण्याला कशाला चौकोन."

तक्त्यात आता वरची डावीकडची जागा 'थांब' ची आहे. सतरा शब्द अजून ठरायचेत.